अंतर

ब्रॅडफर्डच्या कोर्टात माझं काम तोंडाचं.
दुसऱ्याचं दुःख ‘मी’ म्हणून बोलायचं,
तासाच्या हिशेबानं, बसभाडं वेगळं.
हिंदी, गुजराती रोजचीच.
मराठी वर्षातून एखादी.

सकाळी खाली, फौजदारीकडे.
एका पोरानं दुसऱ्याचा जबडा मोडलेला.
तिथे जबड्यापेक्षा मनाचीच चौकशी फार:
राग घरूनच घेऊन निघाला होता
की चौथ्या ग्लासानंतर आला?
दात किती गेले, ते एकदाच विचारलं.

अकराला वर. कापडाचे तागे
तीन आठवडे उशिरा पोचलेले.
कुणाची झोप उडाली, कुणाचं घर गहाण पडलं,
त्या खोलीत हे विचारायची पद्धत नाही.
उशिराचे पौंड होतात, तेवढे मोजतात.
मिस्टर सग्डेन हरूनही हसत बाहेर आले.

शेजारच्या दालनात
कुणाच्या तरी बागेवर कुणाच्या तरी झाडाची सावली.
तिला दोन दिवस दिलेत.

सुभद्राबाई केंजळेंना दीड तास.

वाईकडच्या. आता कीथलीत,
वृद्धाश्रमाच्या चादरी धुतात. धूत होत्या.
हात थरथरतात, घडी जमत नाही,
फोन वाजला की बाथरूममध्ये जाऊन बसतात.
मुलगा ड्यूझबरीला परांचीवरून पडला तेव्हा
त्या त्याच्याशीच बोलत होत्या.
वांगी आणू का, एवढंच.
पडल्याचा आवाज त्यांनी ऐकला नाही,
फोन पडल्याचा ऐकला.

मुलगा तेवीसचा. अठराच्या आतला असता
तर आईच्या शोकाची छापील रक्कम होती.
आता उरला फक्त तिचा आजार,
आणि आजार धरायचा तर
डोळ्यांनी पाहिलेलं हवं, जवळून.
कंपनीच्या बाई, मिसेस ओलरेनशॉ,
हे सगळं इतक्या हळू सांगत होत्या
की मलाही हळूच सांगावं लागलं.

जजनी चष्मा काढला. विचारलं.
मी मराठीत केलं:
“त्या वेळी तुमच्यात आणि मुलात अंतर किती होतं?”

बाई माझ्याकडे बघत राहिल्या.
“अंतर?” म्हणाल्या,
“मी त्याला कधी अंतर दिलं नाही.”

शपथ घेतलेली आहे मी,
पदरचं घालायचं नाही, गाळायचं नाही.
सांगितलं: मी त्याला कधी सोडलं नाही.
मिसेस ओलरेनशॉ उठल्या:
हे उत्तर नाही, महाराज.
जजनी मान हलवली. पेन मात्र
कागदावर टेकलेलंच राहिलं, शाई पसरेपर्यंत.
मी पुन्हा विचारलं, या वेळी मैलांत.
“एकोणीस,” त्या म्हणाल्या,
“दोन बस बदलून.”

शेवटी जज म्हणाले, ही रेघ माझी नाही.
वरच्या कोर्टानं ओढली, संसदेनं पुसली नाही.
कुठेतरी मारावीच लागते.
तेही मी केलं, मराठीत, शब्दाला शब्द.
“मारा,” सुभद्राबाई म्हणाल्या,
“पण कुणाच्या अंगावरून जाते ते बघून मारा.”
हेही केलं. इंग्रजीत जरा उद्धट झालं.
चुकलं असेल.

संध्याकाळी सहाशे बासष्ट नंबरची बस.
त्या माझ्यापुढे, दोन सीट सोडून.
साक्षीदाराशी बाहेर बोलायचं नाही असा नियम.
मी खिडकीतून बाहेर पाहत होते,
बंद गिरण्या, गाड्या धुवायची जागा, मेंढ्या.

बिंग्लीच्या वळणावर कुठल्याशा शाळकरी मुलीच्या हातून
फोन खाली पडला.
सुभद्राबाई ताडकन उभ्या राहिल्या,
दोन्ही हात पुढे करून,
कुणाला तरी झेलायला.

मी पाहिलं.
माझ्या डोळ्यांनी,
दोन सीटांवरून.