सहावा ठिपका

वकीलबाईंनी माझ्या शपथपत्रातला चौदावा परिच्छेद
कापून दोन ओळींवर आणला.
म्हणाल्या, "नोझिबेलेबाई, संस्थेला स्वभाव असतो,
पण इतका नसतो."

आमची राज्यघटना म्हणते, संस्थेलाही हक्क आहेत,
त्या हक्काच्या आणि त्या संस्थेच्या
स्वभावाला पेलतील तेवढे.
मग स्वभाव सांगायला नको?
मी सांगितला होता:
क्वोन्सेचा आमचा ब्रेल छापखाना चारला बंद होतो,
पण चारला पाच कमी असताना आलेल्या पोराला
उद्या ये म्हणत नाही.
चहात साखर मोजून घालतो.
अठ्ठ्याहत्तर साली पोलीस मजकूर तपासायला आले,
तेव्हा त्याने पांढऱ्या कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला.
वाचा म्हणाला.

उरलं ते एवढं:
स्थापना १९५३.
कर्मचारी सात.

प्रांताच्या खात्याचं पत्र आलं, विलीन व्हा,
कोणती पुस्तकं छापायची ते यापुढे आम्ही ठरवू.
पत्र शाईतलं.
सातांतले पाच जण ते चाचपत राहिलो.
आम्हाला वाटलं, कोरे कागद पाठवलेत,
बरे आहेत, जाड आहेत.

जोहान्सबर्गला रात्रभर बसने गेलो.
त्या कोर्टात साक्ष नसते, कागदच बोलतात.
फदिला डेव्हिड्स उभ्या राहिल्या तेव्हा
त्यांच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.
भिंत जुन्या तुरुंगाच्या विटांची आहे, असं कुणीतरी सांगितलं.
बाबा अकरा रात्री होते त्या तुरुंगात,
पासबुक घरी विसरले म्हणून.
मी हात लावला.
खरखरीत, कोपऱ्याला टवका उडालेला.
न्यायमूर्तींनी विचारलं,
"पण इजा नेमकी कोणाला झाली?
छापखान्याला दुखतं का?"
बाईंनी उत्तर दिलं, कलमासकट, चांगलं दिलं असावं.
माझं लक्ष विटेकडे होतं.

निकाल सात महिन्यांनी. आम्ही जिंकलो
म्हणजे अगदीच जिंकलो असं नाही.
आदेश रद्द, कारण खात्याने आधी आम्हाला विचारलं नव्हतं.
आता विचारतील. मग बघू.
दुखतं का, त्यावर एक अक्षर नाही.

निकालाची एकसष्ट पानं शाईत.
ती आमच्या यंत्रावर चढवली,
ब्रेलमध्ये एकशे चाळीस झाली.
पायपट्टी माझ्याकडे होती, गुडघा अजून बोलतोय.

आमच्या यंत्राचा सहावा ठिपका
किती वर्षं झाली, नीट उठत नाही.
इंग्रजीत तो एकटा आला
की पुढचं अक्षर कॅपिटल.
त्यामुळे आमच्या प्रतीत मंत्र्यांचं नाव
शाळेतल्या कुठल्याही पोरासारखं लहान अक्षराने सुरू होतं.
न्यायमूर्तींचं पण. माझं पण.

दुरुस्तीवाला सोमवारी येतो म्हणालाय.
तिसरीचं गणित त्याआधी छापून होईल,
गणितात कॅपिटल फारसं लागत नाही.