शेर आणि मूठ

तळघरातली ट्यूबलाइट आधी दोनदा विचार करते, मग लागते.
टेबलावर पांढरं सुती कापड, त्यावर ते:
पितळी माप, शेराचं,
नोंद क्रमांक अजून पेन्सिलीनं.
ठेवलं की किंचित डुलतं. बूड बाहेर आलंय.

लेबलासाठी मला चाळीस शब्द आहेत.
माणूस उभ्या उभ्या तेवढेच वाचतो, असं मॅडमचं मत.
राणीबागेतून आमच्याकडे वळणारी पोरं तेवढेही नाही,
त्यांच्या डोळ्यांत अजून पाणघोडा असतो.

जुन्या पितळेला पाणी लावायचं नाही,
म्हणून आम्ही मोहरीनं मोजतो.
माप काठोकाठ भरायचं, पट्टीनं सपाट करायचं,
मग काचेच्या नळीत ओतून आकडा वाचायचा.
पहिल्यांदा वाटलं, माझंच चुकलं.
दुसऱ्यांदा बाबू खरवत्यांना वाचायला लावलं.
तिसऱ्यांदाही तेच:
शेराला मूठभर जास्त.

कमी असतं तर सोपं होतं.
मापात पाप,
चाळीसातले दोनच शब्द खर्ची पडले असते.
पण जास्त?

देणगी प्रमिला शेट्ये यांची, शिवडी. सोबत पत्र.
"आमचे आजोबा दामोदर शेट्ये, त्यांचं नाक्यावर दुकान.
संपाच्या दिवसांत गिरणीवाल्यांना
याच मापानं तांदूळ देत.
ओळखीच्या तांबटाकडून मुद्दाम ठोकून मोठं करून घेतलेलं.
वहीत लिहीत शेर,
घरी जाई शेर आणि मूठ.
बोलत नसत. घेणाऱ्याला ते दान वाटू नये म्हणून."
अक्षर सुरेख. कुठंही खोडलेलं नाही.

मी ते मोठ्यानं वाचलं.
बाबू टेबलावर सांडलेली मोहरी
बोटानं एकेक टिपत होते, टिपत राहिले.
"आमची आजी शिमगा करून परत यायची बोटीनं,
गावचे कुळीथ घेऊन.
भाऊच्या धक्क्यावरून डोक्यावर गोणपाट, ते थेट दुकानात, विकायला.
म्हणायची, दुकानदाराकडे मापं दोन.
द्यायचं एक, घ्यायचं एक.
घ्यायचं मोठं."

"याच दुकानात?"

"नाव नाही घ्यायची ती.
शिवडीला राहायची, एवढं खरं."

मग आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो,
पोलीस चौकीत बसवलेल्या माणसाकडे बघावं तसं.
भिंग लावलं. बुडाला आतून हातोडीच्या खुणा,
गोल, एकीला लागून एक,
घाई नसलेल्या हाताच्या.
सरकारी शिक्क्यातलं साल झिजलंय,
बोटांनी की कानशीनं, सांगता येत नाही.
काठाच्या दुमडीत एक दाणा.
चिमट्यानं काढला, बशीत ठेवला.
तांदूळ नाही. कुळीथ नाही.
नाचणी.
कुणाच्याच गोष्टीत न बसणारी.

जोडीचं माप मिळालं असतं तर कळलं असतं.
ते मोडीत गेलं
की नव्हतंच मुळात,
रजिस्टरात याला रकाना नाही.
नसलेल्या वस्तूंना आम्ही क्रमांक देत नाही.

लेबल असं झालं:
'धान्याचे माप. पितळ. मुंबई, विसाव्या शतकाचा पूर्वार्ध.
नेहमीच्या शेराहून मूठभर मोठे.
देताना वापरत की घेताना, ठाऊक नाही.'
मॅडमनी शेवटची ओळ खोडली.
मी पुन्हा लिहिली.
आता कागद खोडाखोडीसकट वर गेलाय.

संध्याकाळी आवराआवर.
परातीतली मोहरी बरणीत भरायला
बाबूंनी हाताशी होतं तेच माप घेतलं.
नियमात बसत नाही. मी काही बोलले नाही.
शीग लावून भरलं, तळहातानं वरचं सारखं केलं,
आणि ओतताना, गावाकडच्या सवयीनं,
एक म्हणाले नाहीत.
लाभ, म्हणाले.

दुसरं भरेल एवढी मोहरी
परातीत नव्हती.