हात लावून बघा

नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या गल्लीच्या टोकाला
इलाही तांबोळी मीटर वापरत नाही.
माझी मोटरसायकल घेऊन तो क्वार्टर गेटपर्यंत गेला,
मुद्दाम खड्ड्याखड्ड्यांतून परत आला
आणि म्हणाला, मॅडम, हात लावून बघा.
डावा शॉकअप कोमट. उजवा गार.
"गार आहे ना, तो मेलाय."

वीस वर्षं मी पॉलिटेक्निकात अवमंदन शिकवते.
फळ्यावर लाट काढते, उतरत जाणारी,
मागच्या बाकावर कुणीतरी घड्याळ बघतं.
ऊर्जा नष्ट होत नाही, तिची उष्णता होते
हे वाक्य आता खडूलाही पाठ असेल.
त्या उष्णतेला हात लावायला मात्र
मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याने उजवा खोलला.
आधी स्प्रिंग माझ्या हातात दिली.
स्प्रिंग हिशेबाला चोख:
घेतलं तेवढं परत,
आणि परत,
आणि परत. विसरणं तिच्या धातूतच नाही.

मग नळीतला दट्ट्या.
त्याला भोकं, ज्वारीच्या दाण्याहून बारीक.
सगळा सोलापूर रोड इथून जायचा,
ड्रेनेजची वर आलेली झाकणं, रात्रीतून उगवलेले स्पीडब्रेकर,
तेल अंग चोरून पलीकडे जायचं
आणि तापायचं.
"हळू दाबा." दांडा निमूट आत गेला.
"आता झटक्यात." दांडा अडला, माझं मनगट कळवळलं.
हा जागेशी भांडत नाही, वेगाशी भांडतो.
समीकरणात आहे की हे,
माझ्याच अक्षरात.

रंगाच्या रिकाम्या डब्यात त्याने तेल ओतलं.
काळं, जळक्या वासाचं, पाण्यासारखं पातळ.
"कधी बदललं होतं?"
मला आठवेना.
आठवली ती कुंदावहिनी.

दादा खडकीच्या कारखान्यातून रिटायर झाला
तेव्हापासून घरात रोज काहीतरी आदळतं.
आमटीत मीठ, पेपरला उशीर, पार्किंगमधली कुणाची तरी गाडी.
दार आपटतं, मांडणीवरच्या बश्या किणकिणतात,
आणि दोन मिनिटांत सगळं जागच्या जागी.
आम्ही सगळे म्हणायचो, वहिनी स्वभावानेच थंड.
गेल्या रविवारी वाटी घेताना तिची बोटं लागली.
चटकाच.
ताप आहे का गं?
छे, गॅसपाशी होते.
गॅस कधीचा बंद होता.

"जाड तेल भरू? हादरा कळणारच नाही,"
तांबोळीने विचारलं, आणि स्वतःच मान हलवली.
"नको. जाड झालं की काय होतं,
एका खड्ड्यातून वर येईस्तोवर दुसरा येतो.
मग तो खालीच बसून राहतो बिचारा."

सील नवं, तेल नवं, साडेचारशे रुपये.

संध्याकाळी वहिनीला म्हटलं, बस मागे.
कुठे? म्हणाली.
गाडीची ट्रायल घ्यायचीय.
पदर खोचून बसली, दादाला न सांगता.
हॅरिस ब्रिजच्या अलीकडचा तो बेढब स्पीडब्रेकर,
एकदा खाली, एकदा वर,
आणि मग नुसता रस्ता.

ती गप्पच होती.
पुलावर एका टेम्पोने डावीकडून कट मारला
आणि माझ्या कानामागे
कुंदावहिनीने एक शिवी हासडली,
सणसणीत, आख्खा दापोडी वळून बघेल अशी.
मग दुसरी, तिच्या निम्म्याने.
तिसरी निम्म्याच्या निम्म्याने,
चौथी हसण्यात कुठेतरी मुरली.
वर्गात इतकी सुबक लाट मला एकदाही जमलेली नाही.

घरापाशी उतरल्यावर मी वाकले,
दोन्ही शॉकअपना हात लावला.
काय गं, काय बघतेस?
मी म्हटलं,
तूही लाव.