पळी

जिभेला हाड नसतं,
म्हणून माणसं आमच्याकडे येतात.
अरीशहून, अकाबाहून, एकदा तर कालव्यापलीकडून,
जीपच्या टपावर बकरा बांधून.

बाप विस्तव फुंकायचा.
कॉफीचे दाणे भाजायची तीच पळी,
लांब दांड्याची, पणजोबाच्या हातची,
निखाऱ्यात लाल होईस्तोवर तो बोलत राही
आटलेल्या विहिरीचं, डिझेलच्या भावाचं,
कुणाच्या तरी मोडलेल्या सोयरिकीचं.
पाण्याचं भांडं माझ्याकडे.
मी नऊ वर्षांचा.

आधी चूळ. जीभ बाहेर काढ, दाखव सगळ्यांना.
मग पळी चाटायची, तीनदा.
पुन्हा चूळ, आणि मग वाट पाहायची.
खोट्याचं तोंड कोरडं पडतं,
कोरडी जीभ लोखंडाला चिकटते,
एवढंच आमचं शास्त्र.
पण पाणी मी देत होतो ना.
खऱ्यांचीही तोंडं पाहिलीत मी,
आत वाळू भरल्यासारखी.

बापानं मरताना सगळं सांगितलं :
कुठल्या झाडाचा कोळसा, किती पैसे घ्यायचे,
कुणाच्या घरचं मीठ खाल्लं तर निवाडा करायचा नाही.
एक गोष्ट नाही सांगितली.
निखाऱ्यातून काढलेली पळी
तो कधी लगेच पुढे करी,
कधी वर धरून तिच्यावरची राख फुंकी.
पळभर. कधी दीड पळ.
लोक म्हणत, देवाचं नाव घेतोय.
घेतही असेल.

आज सुवेलिम बसलाय समोर.
आळ गाभण उंटिणीचा, फिर्यादी सख्खा मेहुणा.
सुवेलिम जन्माचा तोतरा,
"मी" म्हणायलासुद्धा त्याला
तीनदा सुरुवात करावी लागते.
मेहुणा हसतो, "बघा, खोटं घशातच अडकलंय."
त्याचे भाऊ मान हलवतात.
कोण खरं, मला माहीत नाही.
उंटीण असती तर तिलाच विचारलं असतं.

पळी लाल झालीय.
मी उचलतो.
तिच्यावर राख आहे की नाही
या वयात नीट दिसत नाही मला.

माझा मुलगा भांडं घेऊन उभा आहे.
सगळे सुवेलिमच्या तोंडाकडे बघतायत,
हा माझ्या मनगटाकडे.

"म... म..." सुवेलिम म्हणतो,
मग नाद सोडतो,
आणि जीभ बाहेर काढतो.