दोन मुंगने

घरामागं दोन मुंगने.
एक आला फांदीनं, पवनीहून,
ओल्या पोत्यात गुंडाळून, एस.टी.च्या मधल्या वाटेत आडवा.
कंडक्टर मीच होतो.
"याचं सामानाचं तिकीट लागते, बाई," म्हटलं,
तर कौतिका सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली,
"भावाच्या घरी चालला, भावालेच माग."
फाडलं तिकीट. पैसे माझ्याच खिशातून भरले.

दुसरा कृषी केंद्रातल्या पुडीतला.
बिया आठ, उगवल्या दोन,
एक शेळीनं खाल्ली.

मग बदल्या, डबल ड्युट्या, मुक्कामाच्या गाड्या.
रिटायर होऊन घरी बसलो तेव्हा
कोणता कोण, मला सांगता येईना.
सालं सारखी, भुरकट.
लाकूड सारखंच ठिसूळ, पोरगं लोंबलं की कडकन मोडणारं.
पानंही तीच, तशीच बारीक,
वाळत घातलेल्या धोतरावर पडणारी.

दिवाळीनंतर लाइनमन बकाराम नान्हे कोयता घेऊन आला.
"लाइनीले लागते जी. उद्या ठिणगी पडन, मंग मले म्हणसान."
दोन्ही कमरेइतके छाटले.
चार दिवस पाल्याची भाजी,
पाचव्या दिवशी शेजारीही नको म्हणाले.

फाल्गुनात एकाच्या कोवळ्या शेंड्यांना
पांढरट तुरे फुटले, मधमाश्या आल्या.
दुसरा नुसता वाढला.
हिरवागार, माझ्यापेक्षा दोन हात उंच,
आणि एक कळी नाही.

बकारामनं मीटर वाचता वाचता निकाल दिला,
"नर असन तो. तोडून टाका."

भागरता भांडी घासत होती.
राखेचा हात तसाच ठेवून म्हणाली,
"मुंगन्यात कुठी नर-मादी राह्यते, बाप्पा?"
आणि उठली, खुरपी घेतली,
फुललेल्या झाडाच्या बुडाशी वीतभर माती उकरली.
आत जाडजूड मूळ, सरळ खाली गेलेलं.
नखानं खरवडून तिनं माझ्या नाकाशी धरलं:
मुळ्यासारखा झणका, डोळ्यांत पाणी.
"हा बियाचा. खाली मुळा धरते तो."
मग दुसऱ्याच्या बुडाशी.
तिथं सगळी मुळं वरवरची, आडवी,
भिंतीकडे, न्हाणीकडे, विहिरीकडे निघालेली.
"हा कौतिकाबाईचा. वर्षातून एकदाच येते,
अन् यायच्या आधी तुमी त्याचं डोस्कं उडवलं.
आता काय दाखवन तो तुमाले?"

पुडीवाल्याला कधीही कापा,
पाच-सहा महिन्यांत परत तयार.
दोनदा देतो, बारीक देतो,
पण चार-पाच वर्षांत थकतो.
याला मात्र वैशाखात, शेंगा उतरल्यावरच हात लावायचा.
हे तिला ठाऊक होतं सगळं.
"मंग तवा काहून नाही बोलली?"
"तुमी इचारलं कवा?"

खाकी पँटीची एक पट्टी फाडून
मी कौतिकाच्या झाडाला बांधली.
पुढच्या दिवाळीनंतर बकारामला चहा पाजला,
तारेजवळची एक फांदी तेवढी कापू दिली.

माघात तो फुलला.
पानं गळून गेलेली, नुसता मोहोर,
सकाळी दार उघडलं की अंगणात पांढरा सडा
आणि भागरता झाडू घेऊन उभी, झाडू की नको अशी.
चैत्रात शेंगा हातभर, गरानं भरलेल्या.
वरणात टाकल्या, बेसनात टाकल्या,
कौतिकाला पवनीला पाठवल्या, त्याच गाडीनं.
आताचा कंडक्टर नवा पोरगा.
त्यानं सामानाचं तिकीट फाडलं नाही,
दोन शेंगा मात्र ठेवून घेतल्या.

परवा बकाराम फटफटी बंद न करताच कुंपणाशी थांबला.
"त्या मोठ्या शेंगावाल्याची एक फांदी द्या जी.
घरामागं लावतो."
"तुझ्या घरावरून लाइन जाते?"
"जाते ना."
"अन् साफ कवा करतं?"
त्यानं जरा आठवलं.
"दिवाळीनंतर."

मी आत गेलो,
आणि पुडीवाल्याच्या
मूठभर बिया कागदात बांधून आणल्या.