मोजलेलं नाही

समुद्र इथून सव्वाशे किलोमीटर.
आम्ही पाषाणला बसून त्याचा ताप बघतो.

पडद्यावर चौकोन, पाव पाव अंशाचे,
एकेका घरात एकेक आकडा:
अठ्ठावीस पूर्णांक तीन, अठ्ठावीस पूर्णांक एक,
आणि जिथे ढग आडवा आला,
किंवा जिथे मुळात जमीनच आहे,
तिथे उणे नऊशे नव्याण्णव.
तो आकडा नव्हेच.
इथलं काही ठाऊक नाही, हे म्हणायची
आमच्या धंद्यातली रीत.

भालेकरला हे कुणी सांगितलं नव्हतं.
सूसहून सायकलवर येतो. समुद्र पाहिलाय एकदाच,
नववीच्या सहलीत, तोही बसच्या खिडकीतून.
त्याने चार घरांची सरासरी काढली
आणि मुरुडसमोरचं पाणी
उणे दोनशे अठ्ठावीस अंशांवर गोठलं.
कॅन्टीनवाला सोनबासुद्धा हसला,
अंश म्हणजे काय ते न विचारता.

मग त्याने शिकून घेतलं, रिकाम्याला रिकामंच ठेवलं.
तर किनाराच कुरतडला गेला.
चारातला एक कोपरा नाही, की मधलं काहीच नाही.
मासे जिथे असतात, होड्या जिथे असतात,
नेमका तेवढाच समुद्र गायब.

"हे बघ," मी म्हटलं, आणि खुर्ची ओढली.
आधी पाणी जमिनीवर येऊ द्यायचं.
काठाच्या घराने शेजाऱ्याकडून उसनं घ्यायचं,
त्याच्या शेजाऱ्याने त्याच्याकडून.
पहिल्या फेरीत रोहा गेलं.
दुसरीत ताम्हिणी, घाटासकट.
तिसरीत मुळशी: धरणावर समुद्र.
परशुरामाने बाण मारून हटवलेलं पाणी
मी चार ओळींत परत आणते, पगारावर.
चौथ्या फेरीत ते पाषाणला पोचलं,
या टेबलापाशी, या गार झालेल्या चहापाशी.
"मॅडम, आपल्याकडे किती?"
"अठ्ठावीस पूर्णांक दोन."
त्याने पाय किंचित वर घेतले. खरंच घेतले.

मग बारीक जाळी विणायची,
आणि शेवटी जमिनीचा मुखवटा परत ठेवायचा.
पाणी उतरतं. चिखल होत नाही.
कोकण जागेवर, किनारा शाबूत,
पुणे पुन्हा कोरडं.

कोरडं म्हणजे, आमच्या सोसायटीत टँकरची वही आहे.
एप्रिलमध्ये नऊ दिवस टँकर आलाच नाही.
महापालिकेचा माणूस येणार त्याच्या आदल्या रात्री
घैसास काकांनी ती नऊ घरं भरून टाकली:
आधीचा दिवस, नंतरचा दिवस, भागिले दोन.
"मोकळी जागा दिसली की लोक प्रश्न विचारतात."
अक्षर मोत्यासारखं. खाडाखोड नाही.
त्या माणसाने पानं उलटली, पाणी मागितलं, प्यायला,
म्हणाला, तुमच्याकडे तर सुरळीत आहे की.

आणि मी काय करते दिवसभर?
तेच. जरा नीटसं गणित लावून.

फरक एवढाच, की मी दुसरी एक फाइल ठेवते.
तशीच जाळी, तेवढीच घरं,
मोजलं तिथे शून्य, भरलं तिथे एक.
एक म्हणजे: हे मी ठेवलंय, समुद्राने नाही.
भालेकर विचारतो, ती उघडतं कोण?
अकरा वर्षांत दोघांनी.
त्यातल्या एकाने चुकून.

घैसास काकांची वही कपाटात,
कपाटाची किल्ली जानव्याला.
त्या वहीला दुसरी फाइल नाही.
पण वरच्या मजल्यावरच्या रुखसानाला विचारा,
तिने बाळाची दुपटी कुठल्या दिवशी
माहेरी नेऊन धुतली.
मलाही विचारा. पाठ आहेत तारखा:
चार, पाच.
मग अकरापासून सतरापर्यंत, सलग.