दोन पदरी

पेटी कारखान्यातली आहे, बॉबिनची.
माग विकले त्या दिवशी मालकाने हिशेब दिला नाही.
हे ही पेटी डोक्यावर घेऊन आले
विडी घरकुलपर्यंत, चालत.
खिडकीच्या गजांना तारेने बांधली.
चार बोटं तिरकी आहे अजून.

गड्ड्याच्या आधी मेथी टाकते.
अक्षता पडतात तेव्हा दोन-दोन पानं,
जत्रेतले पाळणे मोडून ट्रकात भरतात तेव्हा एक मूठ.
मुठीत दोघांचं भागत नाही,
पण फोडणीचा वास पोचम्माकडे जातो
आणि भिंतीपलीकडून ती विचारते, एम कूर?
मेंथी कूर, मी मोठ्यानं सांगते.
दोनदा सांगते.

शिमग्यानंतर काही पेरायचं नसतं.
माती तव्यासारखी.
नळ पाचव्या दिवशी, तोही रात्री दोनला;
आधी हंडे, मग पिंप, मग बादल्या.
सदाफुलीला तांदळाचं धुवण.
वर डागी चादर बांधते,
मोराची मान विणायची राहिलेली.
दुपारभर फरशीवर
बिनमानेचा मोर सरकत राहतो.
पोचम्मा म्हणते, सोड, जळणारच ते.
जळणारच, मीही म्हणते,
आणि गाठ आवळते.

पाऊस आमच्याकडे चप्पल न काढता येतो,
दारातूनच जातो.
तेवढ्यावर अंबाडी हातभर होते, लाल देठाची.
मावा पडला की तंबाखूचा चुरा भिजवून शिंपडायचा.
सकाळी किडे खाली पडलेले.
सुपात तोच चुरा.
मी पदर तोंडाला बांधून हजार पुरे करते.
चाळीस छाट निघतात.
तेंदूची कात्रणं मातीवर पसरते,
ती कुणी मोजत नाही.

यंदा दसऱ्याला पेटी उपसली.
तळाच्या फटीतून लाल सूत निघालं,
कारखान्यातलंच.
मुळांनी त्याला धरलं होतं
की त्यानं मुळांना, कळेना.
ह्यांना दाखवलं.
मागांच्या आवाजानं कान गेलेत,
बोलणंही त्याबरोबर कमी झालं.
चिमटीत धरून पीळ उलगडला,
उजेडाकडे नेला.
वीस नंबरी, म्हणाले. दोन पदरी. रंग पक्का.
टाकून देऊ?
माझे ओठ बघून मान हलवली, नको.
मग स्वतःच माती भरायला बसले,
सूत होतं तिथंच ठेवून.

आता थंडी पडलीय.
मेथीचं बी कुठल्या डब्यात ठेवलं
ते सापडत नाहीये.